लुत्स्यानच्या शेतातलं लोखंड

जूनचा दुसरा आठवडा लागला आणि स्ट्रॉबेरी एकदम पिकायला आली. रोज पहाटे हालिना ओळीत वाकायची, लाल झालेली फळं खुडायची आणि पेटीत लावायच्या ऐवजी बादलीत टाकायची. बादली भरली की तिचा नवरा हेनेक ती उकिरड्यावर रिकामी करून यायचा. पिकलेलं फळ झाडावर राहिलं तर बुरशी धरते आणि शेजारचं कच्चं फळही नासतं, म्हणून खुडणं सुटत नव्हतं. विक्री मात्र बंद होती. खरेदी केंद्रावरच्या माणसानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "जमीन स्वच्छ असल्याचा कागद आण, मग फळं आण."

कागद मिळायचा तर आधी थडगं सापडायला हवं होतं.

गावाला लागून पूर्वी सरकारी शेती होती. तिच्या गोदामात मुदत संपलेली फवारणीची औषधं वर्षानुवर्षं साठत गेली. पंच्याऐंशी सालच्या पानगळीत वरून हुकूम आला, जमिनीत पुरून टाका. सिमेंटच्या मोठ्या गोल कड्या एकीवर एक उतरवून विहिरीसारखे खड्डे केले, त्यात पिंपं आणि पोती टाकली, वर झाकण बसवलं. त्याला गावात थडगं म्हणत. ते काम गोदामपालाचं होतं, आणि गोदामपाल होते हालिनाचे वडील, लुत्स्यान. पुढं सरकारी शेती मोडली. तिचे कागद कुठं गेले ते कुणालाच सांगता येईना. थडग्यावर गवत आलं, मग झाडी आली, आणि गाव ते विसरून गेलं.

गेल्या ऑक्टोबरात रानामागच्या ओढ्यात त्याच औषधांचा अंश सापडला. आठवड्याच्या आत आजूबाजूच्या तीन विहिरींना सील लागलं. त्यांतली एक हालिनाच्या दारातली. हिवाळाभर टँकरचं पाणी आलं, कधी बर्फ होऊन आलं. आणि गावात जुनी कुजबुज पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी चिखल फार होता, ट्रॅक्टर रानापर्यंत जाईना, लुत्स्याननं कंटाळा केला आणि सगळं स्वतःच्या शेतातल्या खड्ड्यात लोटलं. त्या शेतात खोल डबकं होतं, ते एका रात्रीत कसं बुजलं मग? हालिना दुकानात पाण्याच्या बाटल्या घ्यायला गेली की कुणीतरी विचारायचंच, "बापानं मागं ठेवलेलं पाणी पुरत नाही का गं?"

लुत्स्यान शेवटपर्यंत एकच सांगत राहिले. "रानाच्या कडेला. बर्चच्या मागं. तिथं बघा." रानाच्या कडेला आता पांढऱ्या सालीच्या बर्चचं एकही झाड नव्हतं. तिथं तीस वर्षांची पाइनची लागवड उभी होती. फेब्रुवारीत लुत्स्यान गेले.

तपासणीला किंगा आली ती सोमवारी सकाळी. चाळिशीतली बाई, उन्हानं नाक सोललेलं, पायात रबरी चपला. न खणता जमिनीच्या आतलं शोधणं हे तिचं काम. जुन्या गाडीतून तिनं एक लांब दांडा काढला, खांद्याला पट्टे अडकवले आणि मदतीला माणसं मागितली. नगरपालिकेनं कुणी पाठवलं नव्हतं.

"आम्ही आहोत," हालिना म्हणाली.

"मग अंगावरचं लोखंड काढा. घड्याळ, किल्ल्या, पट्टा. बुटांत खिळे असतील तर बूटही." किंगा जरा जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आतले हुकसुद्धा."

हालिना घरात जाऊन आली. हेनेकनं पट्टा सोडला आणि पँट एका हातानं धरून तो ओळींच्या तोंडाशी उभा राहिला. हालिनानं गवताच्या भाऱ्यांची सुतळी आणून त्याच्या कमरेला आवळली.

कुंपणापलीकडे झेनॉन उभाच होता. ऐंशीला टेकलेला शेजारी, लुत्स्यानच्या बरोबरीचा. दोघं एकाच गोदामात कामाला होते. हिवाळाभर गावात सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच होता.

"काय रे हेनेक," तो ओरडला, "सासऱ्याचं घर मिळालं, शेत मिळालं, आणि कमरेचा पट्टा तेवढा सरकारनं नेला?"

"काका, कामं नाहीत का तुम्हाला?" हालिना म्हणाली.

"आहेत की. पण हा तमाशा रोज कुठं बघायला मिळतो? चाल बाई, चाल. लुत्स्याननं काय पेरून ठेवलंय ते उगवू दे वर."

हेनेक आणि हालिना ओळीच्या दोन टोकांना दोरी ताणून धरायचे आणि किंगा दोरीच्या बाजूनं एका चालीनं जायची, यायची. मग दोरी एक मीटर सरकवायची. जमीन कोरडी पडली होती. अनवाणी टाचेला ढेकळं बोचत होती. दुपारपर्यंत हालिनाचे खांदे भरून आले. सुतळीनं हेनेकच्या कमरेवर लाल वळ उठला, तो त्यानं सदरा ओढून झाकला. तो बोलायचाच कमी.

तीनच्या सुमारास किंगा थांबली. दोन पावलं मागं गेली, पुन्हा पुढं आली. मग खिशातून काड्यांना बांधलेल्या लाल फिती काढून तिनं एकेक करून मातीत खोवल्या. सात फिती. खाटेएवढी जागा झाली. बरोबर तिथं, जिथं एके काळी डबकं होतं.

"काय आहे?" हालिनानं विचारलं.

"लोखंड. भरपूर आहे. दीडेक मीटर खाली."

हालिनानं कुंपणाकडं पाहिलं. आता तो काहीतरी बोलणार म्हणून तिनं अंग आवरून धरलं होतं. पण झेनॉन काहीच बोलला नाही. फितींकडं बघत तो तसाच उभा राहिला, मग वळला आणि घरात गेला. पाठोपाठ दार लागल्याचा आवाज आला. त्याचं म्हणणं खरं ठरलं, आता आणखी काय बोलायचं, असं तिच्या मनात आलं.

"लोखंड म्हणजे पिंपंच असं नाही," किंगा यंत्र उतरवत म्हणाली. "पण मी बघितलं ते मला लिहावं लागेल. मग खणायला वेगळी माणसं येतात, पांढरे पोशाख घालून. त्यांची तारीख जुलैच्या शेवटी मिळेल."

"जुलैच्या शेवटी इथं काय उरेल?"

 किंगानं पाण्याची बाटली अर्धी पिऊन उरलेली हेनेकला दिली.

संध्याकाळी उजेड होता तोवर दोघं स्वयंपाकघरात बसून राहिली. उकडलेले बटाटे आणि ताक समोर होतं.

"तुझे बाबा खोटं बोलणारे नव्हते," हेनेक म्हणाला. 

"डबकं बुजलं होतं, हेनेक. मी बारा वर्षांची होते. आदल्या संध्याकाळी त्यात बेडूक ओरडत होते, आणि सकाळी बघते तर नुसती माती. बाबांच्या हाताला फोड आले होते. मी विचारलं तर म्हणाले, जमीन सपाट केली, आता ट्रॅक्टर नीट फिरेल."

"मग?"

"मग काही नाही. मी पुन्हा विचारलं नाही." तिनं बटाटा काट्यानं दाबला, पण तोंडात घातला नाही. "शेवटच्या दिवसांत ते रानाचं सांगायचे ना, तेव्हा मी हो हो म्हणायचे. लहान पोराला म्हणतात तसं. त्यांना ते कळत होतं."

हेनेकनं ताकाचा पेला तिच्याकडं सरकवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती बादली घेऊन शेतात गेली, तर फितींच्या शेजारी झेनॉन उभा. हातात फावडं. रविवार नसताना दाढी केलेली, करताना हनुवटीला कापलेलं. डोक्यावर रविवारी चर्चला जाताना घालतो ती टोपी.

"पिंपं नाहीत ती, पोरी," तो म्हणाला.

हालिनानं बादली खाली ठेवली.

"आमची हातभट्टी आहे. माझी आणि तुझ्या बापाची. दुधाच्या लोखंडी किटल्या, नळ्या, चुलीची जाळी. आणि आमच्या हिचा, गेनाचा तांब्याचा हंडा." तो खाली बघून बोलत होता. "कुणीतरी चुगली केली होती. सकाळी पोलीस झडतीला येणार म्हणून कळलं. रातोरात डबक्यात टाकलं आणि बुजवलं. आम्ही दोघांनीच."

"थडगं?"

"ते रानातच आहे. लुत्स्यान सांगायचा तिथंच. मी स्वतः कड्या उतरवल्यात."

 हालिना ओळीच्या कडेला तशीच मातीत बसली. बराच वेळ तिला रागही आला नाही. मग आला.

"हिवाळाभर गाव माझ्या बापाला काय काय म्हणत होतं. तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"मीच म्हणत होतो," झेनॉन म्हणाला. "सगळ्यांत मोठ्यानं. म्हणजे माझ्याकडं कुणी बघू नये."

"आणि त्यांनी का नाही सांगितलं?"

"शब्द दिला होता मला. तो हंडा गेनाच्या आईचा. युद्धानंतर घरदार सोडून व्हिल्नोहून निघाले तेव्हा एवढीच एक वस्तू त्यांच्याबरोबर होती. मी घरी सांगितलं, पोलिसांनी नेला. मला वाटलं ती रडेल, दोन दिवस बोलणार नाही. ती थेट ठाण्यावर गेली. साहेबाला नाही नाही ते बोलली. दोन दिवस कोठडीत बसवली तिला. तिथून आल्यावर मी काय सांगू? हंडा शेजारच्या शेतात आहे म्हणून?"

"एकोणचाळीस वर्षं, काका."

"पहिलं वर्षच अवघड होतं," तो म्हणाला आणि फावडं रोवलं.

तेवढ्यात किंगाची गाडी आली. फावडं बघून ती पळतच आली. "थांबा! हात लावू नका!" झेनॉननं तिला सगळं पुन्हा सांगितलं. ऐकताना तिनं दोनदा तोंड फिरवलं, हसू दाबायला. मग गाडीतून हवा हुंगणारं एक छोटं यंत्र आणलं, खड्ड्याच्या तोंडाशी धरलं आणि म्हणाली, "हळूहळू खणा. यंत्र ओरडलं की सगळ्यांनी मागं व्हायचं. मी तुम्हाला परवानगी दिलेली नाही. मी फक्त इथं उभी आहे."

हेनेकनं झेनॉनच्या हातातून फावडं घेतलं. स्ट्रॉबेरीची झुडपं त्यानं आधी मुळासकट उचलून बाजूला लावली. वरची वाळू, मग काळी, चिकट माती. यंत्र गप्प होतं. छातीएवढं खोल गेल्यावर फावड्याचा खण्णकन आवाज झाला आणि चौघंही एकदम वाकली.

पहिली किटली निघाली ती तळाशिवाय. मग दुसरी, तिसरी. वाकड्या नळ्या. पत्र्याचं नरसाळं, हात लागताच त्याचा चुरा झाला. दोन बाटल्या शाबूत होत्या, बुचावर लाख तशीच. झेनॉननं हात पुढं केला.

"ह्या मला तपासायला न्याव्या लागतील," किंगा म्हणाली आणि दोन्ही उचलून गाडीत ठेवून आली.

सगळ्यांत खाली हंडा होता. हिरवा पडलेला, मातीनं गच्च भरलेला. हेनेकनं तो छातीशी धरून वर दिला आणि हालिनानं घेतला. वळून बघते तर ओळीच्या टोकाशी झेनॉनची बायको गेना उभी होती. काठी टेकत केव्हा आली कुणाला कळलं नाही.

 गेना जवळ आली. काठी हेनेकच्या हाती देऊन तिनं हंड्याच्या काठावरून बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं.

"हा पोचा," ती म्हणाली. "आगगाडीच्या डब्यातून उतरवताना पडला होता. मी चार वर्षांची होते. आईनं माझ्या मुस्काटात मारली होती, मी पाडला म्हणून. मी पाडला नव्हता."

"गेना," झेनॉन म्हणाला.

"तू बोलू नकोस."

"घरी चल, सांगतो सगळं."

"घरी येऊच नकोस. आधी दुकानात जा. आत्ता पाव घ्यायला सगळा गाव तिथं असेल. तिथं उभा राहा आणि सांग. पहिल्यापासून सांग. मग पाव घेऊन ये." ती हालिनाकडं वळली.  "तुझ्या बापाला मी नाताळात दार उघडलं नाही गं. सणाचा पवित्र वेफर मोडून वाटून घ्यायला आला होता. मला वाटलं, ह्यानंच आपलं पाणी नासवलं."

हालिनानं हंडा नीट कवेत धरला. "हंडा कुठं ठेवू, काकू?" ती म्हणाली.

"माझ्या दारात टाका. दिसू दे त्याला."

झेनॉन टोपी सारखी करून रस्त्याला लागला. जाताना त्यानं मागं पाहिलं नाही. दुपारी तो परतला तेव्हा हातात तीन पाव होते, आणि एक त्यानं न विचारता हालिनाच्या कट्ट्यावर ठेवला.

हातभट्टी निघाली म्हणून शेत सुटलं नव्हतं. थडग्याचं पाणी जमिनीतून कुठवर आलंय ते कळल्याशिवाय कागद नाही, असं किंगानं सांगितलं. बुधवारी सगळे रानाच्या कडेला गेले. तिथं लोखंड शोधणारं यंत्र कामाचं नव्हतं. सरकारी शेतीच्या कुरणाची काटेरी तार तुकड्यातुकड्यांनी सगळीकडं मातीत गाडली गेली होती, यंत्र पावलोपावली उसळत होतं. किंगानं दुसरी पेटी काढली. जमिनीत ओळीनं खुंट्या ठोकायच्या, त्यांना तार जोडायची आणि मातीतून वीज सोडायची. जिथं औषधांचं खारट पाणी मुरलंय तिथून वीज सहज वाहते, स्वच्छ कोरड्या वाळूतून अडखळते.

खुंट्या ठोकायचं काम हालिनाकडं आलं. दर दोन मीटरवर एक, अशा अट्ठेचाळीस. पाइनच्या खालच्या वाळक्या फांद्या गालाला ओरखडत होत्या, डास कानात शिरत होते. आणि वाळू इतकी कोरडी, की खुंटी बसली तरी वीज आत शिरेना.

"मिठाचं पाणी हवं," किंगा म्हणाली. "प्रत्येक खुंटीशी पेलाभर. माझं संपलंय."

अर्ध्या तासानं गेना ढकलगाडी घेऊन आली आणि गाडी ढकलत होता झेनॉन. गाडीत काकड्या खारवायची दोन लाकडी पिंपं. गेल्या वर्षीच्या काकड्या संपून खारं पाणी तेवढं उरलं होतं, वर शेपूच्या काड्या तरंगत होत्या.

"हे चालेल?" गेनानं विचारलं.

किंगानं वास घेतला. "पळेल."

"दारूची नशा उतरवायचं औषध मातीत ओतायचं," झेनॉन पुटपुटला. दुकानातून परतल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता.

"तुला आता कशाला लागतंय ते?" गेना म्हणाली. "बाटल्या तर बाईंनी नेल्या." किंगा मोठ्यानं हसली, आणि मग हालिनाही हसली. हसताना तिला हातोडा खाली ठेवावा लागला. फेब्रुवारीनंतर ती हसली नव्हती.

झेनॉन डबा भरून द्यायचा, हालिना खुंटीच्या मुळाशी ओतायची. एकोणतिसाव्या खुंटीशी वाळू खचली, म्हणून तिनं हातानं उकरून पाहिलं. आत पांढऱ्या सालीची गुंडाळी होती. लाकूड केव्हाच कुजून माती झालं होतं, साल मात्र कागदासारखी जशीच्या तशी. तिच्या पुढं आणखी एक, चार पावलांवर तिसरी.

"बर्च," हेनेक म्हणाला.

हालिना त्या खड्ड्याशी गुडघ्यांवर बसली. कुणी काही म्हणेपर्यंत उठली नाही.

दुपारी किंगानं गाडीच्या सावलीत संगणकाचा पडदा उघडला आणि सगळ्यांना बोलावलं. पडद्यावर जमीन उभी कापल्यासारखी दिसत होती. सगळीकडं पिवळा रंग, मध्ये एक गडद निळा डाग, झुकलेल्या पिशवीसारखा. "हे थडगं. ह्या खुंटीपासून ह्या खुंटीपर्यंत. गळती इथून, बहुतेक एक कडी तडकलीय. पाणी असं उतरलंय, ओढ्याकडं." तिचं बोट उजवीकडं गेलं. मग डावीकडं आलं. "आणि ही गावाची बाजू. इथं चिकणमातीचा उंचवटा आहे. तो ओलांडून काहीही आलेलं नाही."

"काहीही?" हालिनानं विचारलं.

"उद्या तुमच्या विहिरीपर्यंत आणखी एक ओळ टाकते, म्हणजे कुणाला शंका नको. पण मला आत्ताच ठाऊक आहे. काहीही नाही."

हेनेक बाजूला झाला आणि एका झाडाला हात टेकून, पाठ करून उभा राहिला.

दुसऱ्या ओळीनंही तेच दाखवलं. विहिरीच्या पाण्याचा नमुना गेला, सोमवारी निकाल आला, आणि आरोग्य कार्यालयाच्या माणसानं सीलची तार पकडीनं तोडून खिशात घातली आणि जमीन स्वच्छ असल्याचा कागद हालिनाच्या हाती दिला. थडगं पुढच्या वसंतात उपसायचं ठरलं. निम्मी स्ट्रॉबेरी उकिरड्यावर गेली होती. निम्मी होती. मंगळवारी पहाटे खुडायला आठ बायका आल्या, काहींना बोलावलंही नव्हतं. दुकानात पाण्यावरून विचारणारी त्यांत होती. ती सगळ्यांत लांबची ओळ धरून मान खाली घालून खुडत होती. हालिनानं तिच्याही पुढ्यात रिकाम्या पेट्या नेऊन ठेवल्या.

सातच्या सुमारास किंगा निरोप घ्यायला आली. हातात अहवालाचे कागद होते.

"एक रकाना राहिलाय," ती म्हणाली. "थडग्याच्या जागेची माहिती कुणी दिली? लोक इथं यंत्राचं नाव घालतात. पण ते काही माहिती देत नाही, ते फक्त तपासतं."

हालिना उभी राहिली. हात लाल झाले होते, ते तिनं झग्याला पुसले.

"लुत्स्यान रिमशा," ती म्हणाली.

"काय होते ते?"

"गोदामपाल."

किंगानं लिहिलं. पुढं एक वाक्य लिहिलं आणि कागद तिच्यापुढं धरला. सांगितलेली जागा बरोबर निघाली, असं होतं. हालिनानं ते वाचलं, मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. रस्त्यावर खरेदी केंद्राच्या ट्रकचा भोंगा वाजला.

"आले, आले!" तिनं ओरडून सांगितलं, आणि कागद परत देऊन ती पेट्या उचलायला गेली.